विहीर आबांची, असं लिहून द्या

लालासाहेब आमच्या घरी आले, बाजेवर बसले आणि चहा प्याले. अख्खा कप. बशीत ओतून, फुंकर मारून, तळाच्या साखरेपर्यंत.

यात विशेष ते काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण लालासाहेब म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. आमच्या बौद्धवस्तीत ते मतं मागायला येतात तेव्हासुद्धा मोटारसायकल बंद करत नाहीत. "चहा नगं, आत्ताच झाला," म्हणतात आणि गिअर टाकतात. मी पंधरा वर्षांची आहे, आणि या पंधरा वर्षांत त्यांनी आमच्या वस्तीत घोटभर पाणी प्यालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, ते आबांना "तुमी" म्हणाले. आबा म्हणजे माझे आजोबा. लालासाहेबांपेक्षा वीस वर्षांनी मोठे, मिलिटरीतून नाईक होऊन रिटायर झालेले. तरी आजवर रस्त्यात भेटले की "काय रं आबा, बरा हायस का?" आणि त्या बुधवारी एकदम "आबासाहेब, तुमी कसं हायसा?"

मी दारातच उभी होते. माझं नाव माया. आधीची माया असती तर चुलीपाशी जाऊन बसली असती. पण जानेवारीत मी सांगलीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर काढून आले होते. सतरा शाळा आणि दुसरा नंबर! माईकसमोर सात मिनिटं उभं राहिलं की माणसांची भीती कायमची जाते, हे मी आता वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.

"आबासाहेब, मला एक सांगा," लालासाहेब म्हणाले, "ती वड्याकडंची हीर कुणाची?"

"माजी," आबा म्हणाले. "अडुसष्ट साली सोता खांदली. सुरुंगबी मीच लावलं."

"मग पंचायतीची मोटार तिच्यात कशापायी? रान तुमचं, तर रानाखालचं पाणीबी तुमचं. कायदाच हाय तसा. आन तुमची वांगी वाळत्यात, पंचायत तुमच्या पाण्यावर रुबाब करतीया. मला बघवंना बगा."

हे मात्र खरं होतं. चार वर्षांपूर्वी टंचाई पडली तेव्हा पंचायतीनं आमच्या विहिरीत मोटार सोडली, वस्तीत टाकी बांधली आणि टाकीला चार नळ बसवले. पुढं पाऊस झाला, पण मोटार तिथंच राहिली. आबांना कुणी विचारलं नव्हतं, कुणी काही लिहूनही घेतलं नव्हतं. वस्तीतली चाळीस घरं त्या नळांवर पाणी भरतात, आणि उरेल ते आबांच्या अर्ध्या एकर वांग्याला. फेब्रुवारी लागला की फारसं उरत नाही.

लालासाहेबांनी खिशातून टाईप केलेला कागद काढला. "अर्ज तयार करून आणलाय. तुमी निस्ती सही करायची. रविवारी येतो न्यायला. सोमवारी पंचायतीची सभा हाय, तितं मंजूर करून घेतो."

आबांनी कागद माझ्याकडं दिला. "वाच गं."

मी वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं, सांगलीला वाचलं असतं तसं. "अर्जदाराची विहीर ही सर्वस्वी त्यांच्या खासगी मालकीची असून तिच्यावर व तिच्यातील पाण्यावर अन्य कोणाचाही कसलाही हक्क नाही. सबब सदर विहिरीचा पिण्याच्या पाण्यासाठी होणारा सार्वजनिक वापर कायमचा बंद करण्यात यावा."

"पयलं वाक्य परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मला माहीत होतं का ते. आबा लहान असताना गावविहिरीच्या पायरीखाली घागर घेऊन उभे राहायचे, वरून कुणी ओतेल याची वाट बघत. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, आईनं सांगितलंय. म्हणून तर मिलिटरीतून सुट्टीवर आले की ते पहार घेऊन रानात जायचे.

"आन वस्तीनं काय प्यायचं?" आई आतून म्हणाली.

"पारूबाई, ते माज्यावर सोडा," लालासाहेब म्हणाले. "माज्या पायपाला वस्तीसाठी नळ जोडून देतो. एकाला दोन देतो."

ते गेल्यावर आबा कपाकडं बघत बसले होते. मी म्हटलं, "आबा, यात काहीतरी काळंबेरं हाय."

"चहा प्याला म्हणून?"

"चहा प्याले, तुमी म्हणाले, आन तुमची हीर तुमचीच हाय म्हणून सांगाय आले. त्यांना काय पडलंय?"

"तुला न्हाई कळायचं," आबा म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी तो मेडलांच्या डबीत ठेवला.

दुपारी ते झोपल्यावर मी डबी उघडली आणि कागद उन्हात धरून बघितला. टाईप केलेला मजकूर आणि सहीची जागा यांच्यामध्ये चार बोटं मोकळं होतं. मला वाटलं, इथंच डाव आहे! सही झाल्यावर मध्ये "जमीन विकली" असं घुसडणार. मी पट्टी घेऊन त्या मोकळ्या जागेत पेनानं मोठी तिरकी फुली मारली. संध्याकाळी आबांना ती दिसली आणि मी लय बोलणी खाल्ली. पण अर्ज फुलीसकट राहिला. तो संशय चुकीचा होता, हे मला नंतर कळलं. तरीही फुली मारली ते बरंच केलं असं मला वाटतं.

गुरुवारी सकाळी नळावर गेले, तर बायकांनी मला जागाच दिली नाही. सुलाबाई माझ्या घागरीपुढं घागर सरकवून म्हणाली, "ये गं ये, सांगलीची राणी. भरून घे. उद्यापासून तुमचंच हाय की समदं."

"काय झालं, काकी?"

"तुजा आजा नळ तोडणार म्हनं. आमी त्येच्या हिरीचं पाणी पितो ते त्येच्या डोळ्यात खुपाय लागलंय. लालासाहेब घरी चहा पिऊन गेला, तवापासनं डोस्कं फिरलंय जणू."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"गावात समद्यास्नी ठावं हाय."

आता बघा. लालासाहेब बुधवारी दुपारी आले. घरात आम्ही तिघं. पपा तिकडं पठाणकोटला ड्युटीवर. आबा बोलले नाहीत, आई बोलली नाही, मी तर फक्त फुली मारली. मग वस्तीत कुणी पसरवलं? ज्याला आबा आणि वस्ती एकमेकांवर चिडायला हवी होती, त्यानंच. वस्तीनं आबांना टोमणे मारले की आबा हट्टाला पेटणार आणि सही करणार, हे आबांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगता येईल.

आणि झालंही तसंच. सुलाबाईचं बोलणं आईनं घरी सांगितलं, तशी आबांनी डबी काढली. "चार वरसं फुकट पाणी प्याली, कुणी एक सबूद चांगला बोललं न्हाई. आता तर सहीच करतो."

"रविवारपातुर थांबा की, आबा. घाई काय हाय?"

ते थांबले. माझ्यासाठी नाही, चष्मा सापडत नव्हता म्हणून. तो कुठं होता ते मी इथं लिहीत नाही.

राजेश्वरी ही लालासाहेबांची मुलगी. औंधच्या शाळेत ती माझ्याच बाकावर बसते. स्वभावानं चांगली आहे, फक्त गणितात माझ्या वहीत बघते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी तिला बोरं दिली आणि म्हटलं, "तुझे पप्पा आमच्या घरी चहा प्याले."

"खोटं!"

"आईशप्पथ. दोन चमचे साखरेचा."

"अगं, त्यांची साखर डॉक्टरांनी बंद केलीय. घरी आई त्यांना गूळसुद्धा देत नाही." ती बोर चघळत विचार करू लागली. "म्हणजे काम मोठं असणार."

"कसलं काम?"

"माळावर द्राक्षबाग करणार आहेत. पाच एकर. तासगावहून माणूस येऊन माती बघून गेला. पाणी नको का? मंगळवारी बोअरची गाडी येणारे. तीनशे फुटाची दोन बोअरं."

"मंगळवारीच का?"

"सोमवारची सभा झाल्याशिवाय गाडी बोलवायची नाही, असं पप्पा फोनवर म्हणत होते." एवढं बोलून राजीनं बोराची बी लांब थुंकली आणि म्हणाली, "मी तुला काही सांगितलं नाही हं, माये."

ती चुकून बोलली की मुद्दाम, हे मला आजही माहीत नाही. मी तिला विचारलंही नाही. काही गोष्टी विचारल्या की संपतात.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ माळावर गेले. लालासाहेबांचा माळ आमच्या रानाला लागूनच आहे. मध्ये नुसता बांध. बांधापासून थोड्या अंतरावर जमिनीवर चुन्याची फुली मारलेली होती आणि मध्यभागी खुंटी. तिथून आमच्या विहिरीपर्यंत मी पावलं मोजली. दोनशे बारा. मोठी टाकलेली, शर्यतीच्या वेळी टाकते तशी. आमची विहीर पन्नास फूट खोल. तिथं तीनशे फुटाचं बोअर पडलं तर आमच्या विहिरीत बेडूकसुद्धा राहणार नाही, हे कळायला भूगोल लागत नाही.

पण एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. बोअर ते स्वतःच्या रानात मारणार. स्वतःच्या रानात कुणीही मारतं. मग विहीर आमची आहे असं आमच्याकडून लिहून कशाला हवंय? चोर कधी मालकाला म्हणतो का, आधी माल तुमचाच आहे असं लिहून द्या, मग चोरतो?

आबांना सांगितलं तर म्हणाले, "त्येचं रान, त्येचं बोअर. आपलं रान, आपली हीर. तू आता नळावरच्या बायांच्या वरताण झालीस. जितं तितं चोर दिसत्यात तुला."

"मग वकिलालाच विचारूया. उद्या तुमी मिलिटरी कॅन्टीनला साताऱ्याला जाणारच हायसा की. पाणी तुमचं हाय का न्हाई, एकदा कायद्याच्या माणसाच्या तोंडून ऐकूया."

हे आबांना पटलं. माझा संशय पटला म्हणून नाही. पाणी तुमचं, हे वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळणार म्हणून.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका जिन्याखाली वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. आबांच्या पलटणीतल्या दोस्तानं पत्ता दिलेला. वकीलसाहेब तरुण होते, टेबलावर भेळेचा कागद पसरून बसलेले. आम्हालाही भेळ दिली. आबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"साहेब, माज्या रानाखालचं पाणी कुणाचं?"

"तुमचं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. छातीवर मेडल लावताना बघत असतील तसं.

"हवं तेवढं उपसा," वकीलसाहेब म्हणाले. "कुणी अडवणार नाही."

मी विचारलं, "आणि शेजाऱ्यानं त्याच्या रानात बोअर मारलं आणि आमची विहीर आटली तर?"

"तर आटली."

"आटली म्हणजे? पाणी आमचं आहे ना!"

"तुमच्या जमिनीखाली आहे तोवर तुमचं. त्याच्याखाली गेलं की त्याचं. जमिनीखाली झिरपणारं पाणी बांधाला अडतंय होय? या पाण्यावर मालकाचा हक्क म्हणजे फक्त उपसायचा हक्क. तो सगळ्यांना सारखा आहे. मग ज्याचं बोअर खोल, त्याचं पाणी. कोर्टात गेलात तर तो म्हणणार, मी माझ्याच रानातलं काढलं. आणि ते खोटंही नसणार."

आबांचा हात भेळेवर तसाच राहिला.

"मग त्याला हा कागद कशाला पाहिजे?" मी डबीतून आणलेला अर्ज पुढं केला.

वकीलसाहेबांनी आधी फुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग वाचलं. परत वाचलं. बोटं रुमालाला पुसली.

"ही विहीर लोक पितात?"

"वस्ती पिती. चाळीस घरं," आबा म्हणाले.

"पंचायतीच्या नळातून?"

"व्हय. चार वरसं."

"आणि नवीन बोअर किती लांब?"

"दोनशे बारा पावलं," मी म्हटलं. "मोठी."

ते हसायला लागले. "शेजारी हुशार आहे तुमचा. त्र्याण्णव साली एक कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर तिच्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर खणता येत नाही, बोअरही मारता येत नाही. स्वतःच्या जमिनीतसुद्धा नाही. तुमच्या विहिरीचं पाणी वस्ती पिते, म्हणून त्याचा माळ अडकलाय. तुम्ही ‘विहीर माझी एकट्याची, लोकांचा संबंध नाही’ असं लिहून दिलंत, की तो सुटला. मंगळवारी बोअर, आणि मेअखेर तुमची विहीर कोरडी. विहीर तुमचीच राहील, आबा. नुसती विहीर."

मला उठून नाचावंसं वाटत होतं. बसलं! सगळं बसलं! चहा बसला, तुमी बसलं, मंगळवार बसला! पण आबांचा चेहरा बघितला आणि मी भेळ खाल्ली.

"मग मी काय करू?" आबांनी विचारलं.

"सही करू नका, एवढ्यानं भागणार नाही. पंचायतीनं चार वर्षं पाणी घेतलं, पण दप्तरात काही धड नोंद केलेली दिसत नाही. ते उद्या म्हणतील, ती तात्पुरती सोय होती. तुम्हीच लिहून द्या, की ही विहीर वस्तीच्या पिण्यासाठी कायमची दिली, नोंद करा. आणि तालुक्याला कळवा. लवकर. बोअर एकदा पडलं की मग नुसते कागद हलतात, पाणी काही परत येत नाही."

"कायमची दिली."

"हो. मग आधी वस्तीचं पिणं. तुमच्या पिकाला उरलं तर. आणि परत मागता येणार नाही."

आबांनी भेळेचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हंजे हीर राखायची, तर ती माजी न्हाई म्हणायचं."

वकीलसाहेबांनी कागद घडी करून आबांच्या हातात दिला.

एसटीत आबा खिडकीशी बसले आणि औंध येईपर्यंत बाहेर बघत राहिले. कॅन्टीनमधून घ्यायचा साबण राहिलाच. यमाईचा डोंगर दिसायला लागल्यावर मीच म्हटलं, "आबा, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं हुतं," ते म्हणाले. "गप बस."

औंधहून गावाकडं चालताना ओढ्यापाशी थांबले. "माये, त्या कागदावर काय लिवलंय ठावं हाय का तुला? आक्षी खरं लिवलंय. माजी हीर. दुसऱ्या कुणाचा हक्क न्हाई. तीस वरसं मला ह्ये कुणी लिवून दिलं न्हाई. तलाठ्यानं उताऱ्यावर हीर चढवाय सात हेलपाटं मारायला लावलं. आन ज्या माणसानं लिवून आणलं, त्येचाच त्यात डाव. आता मी माज्या हातानं लिवायचं, माजी न्हाई म्हणून."

मला माईकसमोर सात मिनिटं बोलता येतं. तिथं मी नुसती त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

रविवारी लालासाहेब आले. या वेळी चहा ठेवलाच नव्हता.

"झाली का सही, आबासाहेब?"

"न्हाई," आबा म्हणाले. "माळावर चुन्याची फुली कशाची हाय?"

लालासाहेबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग हसले. "माजं रान हाय. मी तितं चुना टाकीन न्हाईतर शेंदूर. तुमच्या रानातलं काय घेतलं का मी?"

"न्हाई घेतलं. पर पाचशे मीटरच्या आत हाय ती."

लालासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आबासाहेब, तुमी शाणी माणसं. वस्तीसाठी तुमी हीर घालवणार, आन वस्ती तुमाला काय म्हणती ते ऐकलंय का नळावर? उद्या तुमच्या वांग्याला तांब्याभर पाणी लागलं तर ह्याच बाया तुमाला सोडणार न्हाईत. इचार करा."

तेव्हाही ते "तुमी"च म्हणाले. मला वाटलं होतं, आता तरी सुटेल तोंडातून "तू", आणि मग सगळं ओळखीचं होईल. पण नाही सुटलं. त्या "तुमी"चीच मला जास्त भीती वाटली.

ते गेल्यावर आई चुलीपुढून उठून आली. वांग्यांत दिवसभर वाकून काम करणारी तीच. मला वाटलं ती म्हणेल, नका देऊ. ती म्हणाली, "मामंजी, ते बोलले ते खरं हाय. बाया न्हाई सोडायच्या तांब्याभर." मग पदर खोचून म्हणाली, "पर बोअर पडलं तर सोडायला तरी काय ऱ्हाणार हाय?"

आबांनी मला वही आणायला सांगितली.

तो अर्ज मी लिहिला. तीन वेळा लिहिला, कारण पहिल्या दोन वेळी भाषण झालं. तिसऱ्यांदा आबांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. "मी सन १९६८ साली स्वकष्टाने खणलेली विहीर वस्तीच्या पिण्याच्या पाण्यासाठी कायमची देत आहे. तशी नोंद व्हावी." "स्वकष्टाने" हा शब्द राहिला पाहिजे, एवढंच ते म्हणाले.

सोमवारी नऊ वाजता आम्ही पंचायतीच्या दारात. ग्रामसेवक भाऊसाहेब कुलूपच उघडत होते. अर्ज वाचून त्यांनी टोपी मागं सारली.

"आबा, सभा दुपारी हाय. तवा ठेवतो पुढं. इचार करून घ्या तवर."

"इचार झालाय. नोंद आत्ता करा."

"आवं, पर एकदा नोंद झाली की तुमच्याच हिरीचं पाणी वांग्याला पायजे तर माज्याकडं अर्ज कराय लागंल."

"करीन."

भाऊसाहेबांनी मोठी वही काढली. ओळ लिहायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं ते मुद्दामच वेळ काढताहेत. तेवढ्यात शिपाई सायकल घेऊन बाहेर पडला. ती लालासाहेबांच्या घराच्या दिशेनं वळली की शाळेच्या, हे मला खिडकीतून नीट दिसलं नाही. वही पुढं आली. आबांनी पेन हातात घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून सगळी ओळ स्वतः वाचली, अडखळत, एकेक अक्षर. मला वाच म्हणाले नाहीत. मग पूर्ण नाव लिहिलं, खाली "नाईक, सेवानिवृत्त", आणि पेन टोपण लावून परत दिलं. मी बघत होते. सही झाल्यावर त्यांनी हात धोतराला पुसला, दोनदा.

"तालुक्याला कवा कळवणार?" मी विचारलं.

"जाईल की टपालानं. ह्या आठवड्यात."

"आम्हीच नेतो. हातबटवड्यानं. तुमी निस्तं पत्र आणि शिक्का द्या."

"आबा, नात लय तिखट हाय तुमची."

"सांगलीला दुसरा नंबर आलाय तिचा," आबा म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

औंधला जाऊन वडूजची एसटी पकडली. गाडी फाट्यापर्यंत आली आणि समोरून बोअरची गाडी आली. लांबलचक, वर लोखंडी शिडी आडवी टाकलेली, मागं रॉडांची दुसरी गाडी. आमच्या गावाकडं वळली. सोमवार होता! मंगळवार नव्हता!

"आबा!"

"बगितली," आबा म्हणाले. उठून पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभे राहिले, वडूज येईपर्यंत. जणू त्यांच्या उभं राहण्यानं एसटी जोरात जाणार होती.

तहसील कचेरीत आवक टेबलावरच्या क्लार्कनं पत्रावर शिक्का मारला आणि तारीख घातली. मी म्हटलं, "वेळ पण घाला."

"वेळ? वेळ कशाला? आम्ही वेळ घालत नाही."

"घाला, साहेब. आमच्या गावात आत्ता बोअरची गाडी शिरलीय. ती विहिरीपासून दोनशे बारा पावलांवर उभी राहणारे. तुमच्याकडं पत्र आधी आलं की बोअर आधी पडलं, हे उद्या कुणीतरी विचारणारच. तुम्हाला विचारलं तर?"

क्लार्कनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग लिहिलं, अकरा वाजून पन्नास मिनिटं. मग पत्र परत वाचलं आणि न बोलता आत साहेबांकडं घेऊन गेला.

अर्ध्या तासानं साहेबांनी सर्कलला, म्हणजे मंडल अधिकाऱ्याला बोलावलं, सर्कलनं बोअर अडवायला जीप काढायला सांगितली. आबा म्हणाले, "आमीबी येतो संगं."

"आबा, आम्ही जातोय की. तुम्ही मागनं एसटीनं या."

"न्हाई," आबा म्हणाले, आणि मागच्या सीटवर चढून बसलेसुद्धा. मीही चढले. जीप सुरू व्हायच्या आधी ते माझ्या कानाशी वाकले. "झेरॉक्स काढलीस का त्या पत्राची?"

"दोन काढल्या, साहेबांचं वाचून झाल्यावर, शिक्क्यासकट. समोरच्या दुकानात."

"कुटं हायत?"

"एक तुमच्या खिशात घातलीय. दुसरी कुठं हाय, ते तुमालाबी सांगणार न्हाई."